९ वर ९, त्यावर अजून एक ९: राक्षसी आकड्याचे पहिले अंक घरबसल्या कसे काढायचे

भाचा अकरावी सायन्सला आहे. एका रविवारी घरी आला आणि बाहेर धो धो पाऊस, लोकल रखडलेल्या, त्यामुळे रात्रीपर्यंत आमच्याकडेच अडकला. बसल्या बसल्या म्हणाला, "मामा, ९ वर ९ आणि त्याच्यावर परत ९, हा आकडा कितीने सुरू होतो सांग ना. कॅल्क्युलेटर एरर देतोय." मी म्हटलं त्यात काय, पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटं कसली, तीन रविवार गेले, आणि मधल्या काळात मी आमच्या ८:१२ च्या ट्रेनच्या ग्रुपवर एक साफ चुकीचं उत्तर छातीठोकपणे टाकून बसलो ते वेगळंच, अजून ऐकवतात मला. तुमचे तीन रविवार वाचावेत म्हणून हे लिहितोय.

काय काय लागेल

आधार, पॅन, फोटो काही नको. कागद-पेन, शाळेचं लॉग टेबल (माळ्यावर किंवा रद्दीत असेलच), सायंटिफिक कॅल्क्युलेटर, बऱ्याच फोनमध्ये आडवा धरला की येतो तो चालेल. पुढच्या भागासाठी पायथन आणि त्यातली एमपीमॅथ नावाची फुकट लायब्ररी. लॅपटॉपवर काही टाकायचा कंटाळा असेल तर गूगल कोलॅब उघडा, तिथे एमपीमॅथ आधीपासून असतं. प्रोग्रामिंग येत नसेल तरी घाबरू नका, सगळं मिळून पाच-सहा ओळींचं काम आहे.

१. आधी टॉवर नीट वाचा, गच्चीवरून खाली

घातांकावर घातांक चढवलेल्या आकड्याला टॉवरच म्हणतात, आपल्याकडे रीडेव्हलपमेंटमध्ये उभे राहतात तसा. नियम एकच, सोडवायचा वरून खाली. ३^३^३ म्हणजे आधी वरचे दोन, ३^३ = २७, मग ३^२७ = ७६२५५९७४८४९८७, म्हणजे ७ लाख ६२ हजार ५५९ कोटींच्या वर. खालून वर गेलात तर २७^३ = १९६८३ येतं, आणि हा फरक किती आहे ते दिसतंच आहे.

इथे दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हीत पडलो. एक्सेलमध्ये ३^३^३ टाकलं तर तो डावीकडून सोडवतो आणि गपचूप १९६८३ देतो. कंस स्वतः घाला. पायथनमध्ये दोन फुल्या म्हणजे घात, तो बरोबर वरून खाली सोडवतो, पण सवयीने टोपीचं चिन्ह टाकलंत तर पायथनमध्ये त्याचा अर्थच वेगळा, ती बिट्सची भानगड आहे, ३ टोपी ३ टोपी ३ चं उत्तर तो चक्क ३ देतो. एरर नाही, काही नाही. मी अर्धा तास त्या ३ कडे बघत बसलो होतो.

२. लॉग घ्या आणि मॅन्टिसा पकडा

अकरावीत जे घोकलं ते इथे कामाला येतं. कुठल्याही आकड्याचा दहाच्या पायातला लॉग घेतला की त्याचे दोन तुकडे पडतात, पॉइंटच्या आधीचा कॅरॅक्टरिस्टिक आणि नंतरचा मॅन्टिसा. कॅरॅक्टरिस्टिक सांगतो आकडा किती लांब आहे (त्यात १ मिळवला की एकूण अंक), आणि सुरुवातीला कोण उभं आहे ते सांगतो मॅन्टिसा. आपल्याला फक्त मॅन्टिसा हवाय. आणि घाताचा लॉग काढायला फक्त गुणाकार लागतो, २^१०० चा लॉग म्हणजे १०० गुणिले २ चा लॉग, बस.

टेबल काढा आणि करूनच बघा. २ चा लॉग ०.३०१०. शंभरने गुणलं, ३०.१०. कॅरॅक्टरिस्टिक ३०, म्हणजे ३१ अंक. मॅन्टिसा .१०, त्याचा अँटीलॉग, म्हणजे १० चा तितका घात, १.२५९. म्हणजे २^१०० ची सुरुवात १२५९ ने? नाही हो. खरा आकडा १२६७६५०६००२२८२२९४०१४९६७०३२०५३७६ आहे. अंक ३१ बरोबर आले, पहिले दोन बरोबर आले, तिसरा गंडला. कारण टेबलात लॉग चारच अंकांपर्यंत आहे आणि आपण त्यातली बारीकशी चूक शंभरपट केली. आता २ चा लॉग ०.३०१०३ घ्या, ३०.१०३ येतं, अँटीलॉग १.२६८. बसलं.

पुढचा सगळा लेख खरं तर ह्या एका चुकीबद्दलच आहे.

३. टॅक्सीचं चाक डोळ्यासमोर ठेवा

भाच्याला हे असं सांगितल्यावर समजलं. काळी-पिवळीच्या चाकावर चुन्याचा एक ठिपका मारा आणि दादरहून बोरिवलीकडे वीसेक किलोमीटर जा. चाक किती वेळा फिरलं तो कॅरॅक्टरिस्टिक. गाडी थांबली तेव्हा ठिपका कुठे आहे, वर, खाली, की पुढच्या बाजूला, तो मॅन्टिसा. आता समजा चाकाचा घेर तुम्ही १७५ सेंटीमीटर धरलात आणि खरा आहे १७५.१. एका फेरीला एक मिलिमीटर, कोण विचारतो? पण वीस किलोमीटरला साडेअकरा हजाराच्या आसपास फेऱ्या होतात, आणि तेवढ्यात तुमचा हिशोब साडेसहा फेऱ्यांनी चुकतो. किती किलोमीटर झाले ते तुम्ही अंदाजाने बरोबर सांगाल, ठिपका कुठे आहे ते अजिबात सांगू शकणार नाही.

आपल्या टॉवरमध्ये फेऱ्या हजारात नसतात, लाखो कोटींच्या असतात. म्हणून नियम लक्षात ठेवा: घातांकात जितके अंक, तितके अंक लॉगमधले नुसते फेऱ्या मोजण्यातच खर्च होतात. त्याच्यापुढे जितके अंक असतील तितकंच उत्तर मिळणार. म्हणजे लॉग किती अंकांपर्यंत हवा? घातांकाचे अंक, अधिक तुम्हाला हवे असलेले पहिले अंक, अधिक दहा-पंधरा वर हात राखून.

४. ९^९^९ उरकून टाका

९^९ = ३८७४२०४८९. नऊ आकडी घातांक, म्हणजे चार आकडी लॉग टेबल आता परत माळ्यावर. ९ चा लॉग ०.९५४२४२५०९४३९३२४८७… गुणाकार केला की येतं ३६९६९३०९९.६३१५७… म्हणजे हा आकडा ३६ कोटी ९६ लाख ९३ हजार १०० अंकांचा आहे. सेकंदाला एक अंक लिहीत, न जेवता न झोपता बसलात तर जवळजवळ पावणेबारा वर्षं. मॅन्टिसा .६३१५७, अँटीलॉग ४.२८१२, आणि पायथनमध्ये नीट केलं की ४२८१२४७७३… असं सुरू होतं. फोनवर तीन-चार अंक तरी बरोबर यायला हवेत. भाच्याला इथेच उत्तर देऊन मी मोकळा व्हायला हवं होतं.

हात बसायला अजून तीन देतो, ताळा करून बघा. ५^५^५ मध्ये २१८५ अंक, सुरुवात १९११०१२५… ६^६^६ मध्ये ३६३०६ अंक, सुरुवात २६५९११९७… ७^७^७ मध्ये ६ लाख ९५ हजार ९७५ अंक, सुरुवात ३७५९८२३५…

५. चौथा मजला चढलात की साधा कॅल्क्युलेटर खोटं बोलायला लागतो

आता ३ चे चार मजले घ्या, ३^३^३^३. वरचे तीन आपण आधीच सोडवलेत, म्हणजे ३^७६२५५९७४८४९८७. लॉगने गुणा, ३६३८३३४६४००२४.०९९६८५… तेव्हा एकूण ३६३८३३४६४००२५ अंक, हे ३ लाख ६३ हजार ८३३ कोटींच्या वर जातं. लक्षात घ्या, हे आकड्याची किंमत नाही, नुसती अंकांची संख्या आहे.

कॉम्प्युटरचा नेहमीचा दशांश आकडा साधारण १५-१६ अंकांपर्यंतच भरवशाचा असतो, एक्सेल घ्या, पायथनचा साधा लॉग घ्या, सगळीकडे तेच. त्यातले १३ पॉइंटच्या आधीच संपले, उरले तीन. ह्या उंचीवर तो आकडा साधारण ०.०००५ च्या पायऱ्यांनीच चढतो, मधलं काही त्याला दाखवताच येत नाही. त्यामुळे १.२५७ तरी येईल नाहीतर १.२५९, दोन्हीकडे चौथा अंक चुकलेला. खरी सुरुवात आहे १२५८०१४२९०६२… आणि स्क्रीनवर मात्र पॉइंटनंतर ऐटीत पंधरा अंक दिसतात, सगळे खरे असल्यासारखे. दिसले म्हणून ग्रुपवर टाकू नका.

६. पायथन आणि एमपीमॅथ, ओळीने

ओळी शब्दातच सांगतो, टाइप तुम्ही करा.

पहिली ओळ, एमपीमॅथमधून एमपी इम्पोर्ट करा. दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, एमपी डॉट डीपीएस म्हणजे किती अंकांची अचूकता हवी ते, हे सगळ्यात आधी सेट करायचं. न सांगितल्यास तो १५ धरतो. आणि लॉग आधी काढून ठेवला आणि डीपीएस नंतर वाढवला तर काही उपयोग नाही, तो जुना लॉग १५ अंकांचाच राहतो. हे म्हणजे पाणी येऊन गेल्यावर पिंप धुण्यासारखं आहे.

तिसरी ओळ, घातांक पूर्णांक म्हणून काढा, दोन फुल्यांनी. पायथन पूर्णांक कितीही मोठा असला तरी शेवटच्या अंकापर्यंत अचूक ठेवतो, ही त्याची खरी कमाल. मात्र घातांकात कुठे पॉइंट येऊ देऊ नका, ४ च्या जागी ४.० लिहिलंत की संपलं. चौथी ओळ, घातांक गुणिले सगळ्यात खालच्या आकड्याचा लॉग, आणि तो एमपीच्या लॉग१० ने काढलेला. मॅथ नावाच्या मॉड्यूलचा लॉग१० घेऊ नका, नाव सारखंच आहे आणि घोळ तिथेच होतो. पाचवी ओळ, गुणाकारातून पूर्णांक वजा करा, उरला तो मॅन्टिसा. सहावी, १० चा मॅन्टिसा इतका घात, त्याला १० च्या योग्य घाताने गुणा, म्हणजे २० अंक हवे असतील तर १०^१९ ने, आणि पॉइंटनंतरचं छाटून टाका. छाटायचं, राउंड नाही करायचं. राउंड केलं की शेवटचा अंक एकाने पुढे जायची शक्यता असते आणि मग लोक त्याच्यावरच वाद घालतात.

७. ४ चे चार मजले, आणि माझी फजिती

४^४^४ म्हणजे ४^२५६, हा १५५ अंकांचा आकडा, सुरुवात १३४०७८०७९२९९४… म्हणजे ४^४^४^४ साठी घातांकच १५५ आकडी आहे. मी तेव्हा एमपीमॅथ वगैरे न वापरता साध्या लॉगने गुणलं, मॅन्टिसा काढला, उत्तर आलं १.०. एरर नाही, इशारा नाही. मी ग्रुपवर टाकलं, "४ चे चार मजले, पहिला अंक १, हवं तर पैज."

झालं असं होतं की एवढ्या मोठ्या आकड्यात साध्या दशांशाकडे पॉइंटनंतरचं काही शिल्लकच नसतं, पॉइंटच्या आधीचेसुद्धा शेवटचे शंभराहून जास्त अंक त्याला माहीत नसतात. त्यामुळे मॅन्टिसा नेहमी शून्य, १० चा शून्यावा घात १, आणि काहीही टाका, पहिला अंक १! ग्रुपमधल्या एका काकांनी, बँकेतून रिटायर झालेत ते, एवढंच विचारलं की "५ चे चार मजले कितीने सुरू होतात रे?" मी गडबडीत घातांक पॉइंटवाला घेऊन तो प्रोग्राम चालवला आणि तो उडालाच, आकडा फार मोठा आहे म्हणाला. मग त्यांनी ७, ८, ९ वर चौथा मजला चढवायला सांगितलं नाही, नुसता हसण्याचा इमोजी पाठवला.

नीट केलं तर, डीपीएस १९० ठेवून (१५५ घातांकाचे, २० हवे ते, १५ राखीव), ४^४^४^४ ची सुरुवात येते २३६१०२२६७१४५… पहिला अंक २. पैज लावणारा कोणी नव्हता म्हणून वाचलो.

ही चूक पटकन पकडली का जात नाही ह्यालाही कारण आहे. अशा आकड्यांत १ ने सुरुवात होणारे मुळातच जास्त असतात. २ चे घात ओळीने लिहीत गेलात तर ३०.१ टक्के १ ने सुरू होतात, आणि ९ ने जेमतेम ४.६ टक्के. पूर्वी लॉग टेबलांचे जाड ग्रंथ असायचे, त्यातली सुरुवातीची पानं शेवटच्या पानांपेक्षा जास्त मळलेली असतात हे सायमन न्यूकम नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये लिहून ठेवलंय. त्यामुळे उत्तर १ आलं की आपल्याला खटकत नाही. वर दिलेलं ५^५^५ आणि ३ चे चार मजले दोन्ही खरोखरच १ ने सुरू होतात, म्हणजे बिघडलेला प्रोग्रामसुद्धा त्या दोन्हींवर पास झाल्यासारखा वाटेल. प्रोग्राम तपासायला ४ चे चार मजले घ्या, २३६१ आलं तरच पुढे जा.

८. ताळा कसा करायचा

सोपा आहे. तेच गणित डीपीएस वीस-तीसने वाढवून परत चालवा. दोन्ही वेळा जितके अंक जुळले तितके खरे, बाकीचे सोडून द्या. सुरुवात १९९९९९ किंवा ३००००० अशी काठावरची आली तर डीपीएस अजून वाढवा, कारण तिथे केसभर चुकीनेही पहिला अंकच बदलू शकतो.

२ चे पाच मजले म्हणजे २^६५५३६, त्याचे १९,७२९ अंक, सुरुवात २००३५२९९३… हा अख्खा आकडा स्क्रीनवर छापायला गेलात तर पायथन ३.११ पासून तो नकार देतो, ४३०० अंकांच्या वर छापायला वेगळी परवानगी द्यावी लागते. माझा इथे एक रविवार गेला, वाटलं गणितच चुकलं. गणित बरोबर असतं, फक्त छापत नाही तो. छापायची गरजही नाही, सरळ पुढे न्या. २ चे सहा मजले करायचे तर हाच १९,७२९ आकडी घातांक, डीपीएस १९,८०० ठेवा, साध्या लॅपटॉपवरही चहा गार व्हायच्या आत येतं. ते आणि ५ चे चार मजले तुम्ही करा. ७ चे चार मजले करणार असाल तर लॉग सात लाख अंकांपर्यंत लागेल, मग आधी जीएमपीवाय नावाची लायब्ररी टाकून घ्या म्हणजे मोठे गुणाकार भराभर होतात.

९. कुठे थांबायचं

३ चे पाच मजले. इथे घातांक म्हणजे मघाचा चार मजल्यांचा आकडा, आणि तो आता नुसता सुरुवातीला नाही, शेवटच्या अंकापर्यंत अख्खा लागतो. कितीही दाबून साठवला तरी दीड टेराबाइट. त्याच्याइतकाच लांब ३ चा लॉग, आणि मग त्या दोघांचा गुणाकार. तत्त्वतः जमेल, पण घरच्या हार्ड डिस्कवर नाही. सहावा मजला मात्र विसराच, कारण त्यासाठी पाच मजल्यांचा आकडा पूर्ण लिहून ठेवावा लागेल, आणि त्याच्या नुसत्या अंकांची संख्या लिहायलाच साडेतीन लाख कोटींहून जास्त अंक लागतात. थोडक्यात, तळमजला सोडून वरचं सगळं पूर्ण लिहिता येत असेल तरच पहिले अंक मिळतात.

शेवटचे अंक हा वेगळा खेळ आहे, त्यात गल्लत करू नका. तिथे भागाकाराच्या बाकीवर काम चालतं, आकडा लिहावा लागत नाही, त्यामुळे ग्रॅहमच्या संख्येचेही शेवटचे अंक माहीत आहेत, …२४६४१९५३८७. ती संख्या म्हणजे ३ चाच टॉवर, फक्त मजले किती ते सांगायलाही नेहमीची भाषा पुरत नाही. तिचा पहिला अंक कोणता, ते मात्र कोणीच सांगू शकलेलं नाही.

हे सगळं भाच्याला तिसऱ्या रविवारी सांगितलं. तो वडापाव खात ऐकत होता, मग म्हणाला, "मामा, पण आपण दहाच्याच पायात का लिहायचं? ३ च्या पायात लिही ना, मग ३ चा कुठलाही घात म्हणजे १ आणि पुढे सगळी शून्यं." मी तसंच ग्रुपवर टाकलं, ग्रॅहमच्या संख्येचा पहिला अंक १, ३ च्या पायात. काकांनी ह्या वेळी अंगठा दिला.